बाशिंगाचे पार्सल, गांधीधाम

१९९४च्या लग्नसराईत, एका सोमवारी सकाळी, दोन बाशिंगांचे एक पार्सल पनवेलहून कच्छमधल्या गांधीधामला जाण्यासाठी बुक झाले. लग्न त्याच आठवड्यातल्या रविवारी होते. पार्सल बुधवारी पोचायला हवे होते. गुरुवारी सकाळी ते अहमदाबादच्या गोदामात, इतर पार्सलांपासून दूर, मागच्या व्हरांड्यात ठेवलेले होते.

मी तेव्हा पनवेलमध्ये एका कुरिअर कंपनीचे बुकिंग काउंटर चालवत होते. त्याआधी मुंबईच्या एका दैनिकात उपसंपादक होते. नवीन पनवेलला घर घेतल्यावर रात्रपाळी आणि घर यांचा मेळ बसेना, म्हणून नोकरी सोडली आणि बाजारातल्या एका गाळ्यात हे काउंटर घेतले. वृत्तपत्रातून एक सवय सोबत आली. वाचकाला जे आधी कळायला हवे ते शेवटच्या ओळीत दडवायचे नाही. पार्सलाच्या दराला मी तोच नियम लावला.

बाहेरच्या माणसाला या धंद्यात काय दडलेले असते याची कल्पना नसते. पार्सल काट्यावर ठेवले, वजन आले, पैसे दिले, पावती घेतली की आपले काम झाले असे त्याला वाटते. पण विमानाने जाणाऱ्या पार्सलाची दोन वजने धरतात. एक काट्यावरचे, दुसरे जागेचे. खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजायची, तिन्हींचा गुणाकार करायचा आणि सहा हजारांनी भागायचे. जो आकडा येतो तितके किलो धरायचे. दोहोंपैकी जे जास्त, त्याचे पैसे. विमानात एका मापाच्या खोक्याला, आत कापूस असो की लोखंड, जागा सारखीच लागते, असा यामागचा हिशेब. हिशेब चुकीचा नाही. चूक होते ती सांगण्यात. अनेक काउंटरवर फक्त काटा दाखवत. जागेचे वजन पुढच्या गोदामात धरले जाई आणि फरक पार्सल घेणाऱ्याकडून वसूल होई. पाठवणाऱ्याला ते कधी कधी महिन्यांनी, एखाद्या लग्नात, नातेवाइकाच्या तोंडून कळे.

म्हणून आमच्याकडे आधी टेप, मग काटा. शिंप्याकडे असते तशी टेप काउंटरच्या खिळ्याला टांगलेली असे. गिऱ्हाइकाच्या समोर मोजायचे, आकडे मोठ्याने वाचायचे. काही गिऱ्हाइके यावर चिडून दुसरीकडे जात. “तिकडं निम्म्यात घेतात,” असे सांगून जात. तीन-चार जण पुढे जादा वसुलीची चिठ्ठी घेऊन परत आले. एक गृहस्थ परत आलेच नाहीत. त्यांच्या मुलीला नागपुरात पुस्तकांच्या खोक्यावर किती भरावे लागले ते मला त्यांच्या शेजाऱ्याने सांगितले. त्या दिवशी त्यांना आणखी पाच मिनिटे थांबवून घ्यायला हवे होते असे अजून वाटते.

काही गिऱ्हाइके मात्र आमच्याहून काटेकोर निघत. बँकेतून निवृत्त झालेले एक करंदीकर मुलीच्या लग्नाच्या पत्रिका घेऊन आले. पाकीट ठरल्या वजनापेक्षा किंचित जास्त भरत होते, म्हणजे प्रत्येक पाकिटाला पुढच्या टप्प्याचा दर. त्यांनी खिशातून कात्री काढली आणि तिथेच उभे राहून पत्रिकांच्या कडा कापायला सुरुवात केली. सोनेरी वेलबुट्टी जमिनीवर पडू लागली. सोबत आलेल्या बाई कात्रीकडे बघत होत्या.

“अहो,” त्या म्हणाल्या, “वर गणपती आहे. तेवढा सोडा.”

गणपती सुटला. पाकिटे खालच्या दरात बसली. जाताना करंदीकरांनी झाडू मागून कडा गोळा करून नेल्या.

तर त्या सोमवारी काउंटर उघडत असतानाच रिक्षातून एक खोके उतरले. ते रंगीत टीव्हीचे होते. त्याच्यामागून कुबडीवर एक माणूस उतरला. उजवा पाय गुडघ्यापर्यंत प्लास्टरमध्ये. त्यांचे नाव दत्ताराम. उरण रस्त्यावरच्या एका गावातले. पूर्वी मिठागरावर काम, नंतर जमीन बंदराच्या प्रकल्पात गेली आणि त्यांनी टेम्पो घेतला. पाय त्याच टेम्पोत माल चढवताना सापडला होता. मागोमाग त्यांची बायको उतरली. तिला सगळे मामी म्हणत असावेत, कारण रिक्षावालाही तिला मामीच म्हणत होता.

“बाय, यो खोका गांधीधामला धाडायचाय,” दत्ताराम म्हणाले. “भाचीचं लगीन हाय आयतवारी. आत बाशिंगां हायेत.”

त्यांची एकुलती बहीण येसूबाई नवऱ्याबरोबर वीसेक वर्षांपूर्वी कच्छला गेली होती. नवरा तिथल्या एका मिठागरावर मुकादम. त्यांच्या कुंदाचे लग्न तिकडेच ठरले होते. दत्ताराम यांच्या घराण्यात नवरा-नवरीची बाशिंगे मामाकडून जातात. गावातल्या कारागिराकडून करवून घ्यायची, गावदेवीपुढे ठेवायची आणि मामाने स्वतः नेऊन बांधायची. यंदा मामाला जाता येत नव्हते. वऱ्हाडातली बाकीची माणसे आधीच्या गुरुवारी रेल्वेने निघून गेली होती, पण कारागिराच्या हाती लग्नसराईचे काम इतके होते की बाशिंगे रविवारी तयार झाली.

“मी नाय तर नाय,” दत्ताराम म्हणाले. “पन मामाकडचं बाशिंग जायालाच पायजे. नायतर पोरीचे कपाली दुकानातलं कागदाचं बांधतील.”

टेप लावली. साठ, पन्नास, पन्नास. जागेचे वजन पंचवीस किलो.

“पंचवीस?” मामी पुढे झाली. “अवो, आमी बाशिंगां धाडतांव, मिठाची गोन नाय.”

काट्यावर ते खोके तीन किलोही भरले नाही, आणि त्यातही निम्म्याहून जास्त वजन खोक्याचेच होते. मी त्यांना हिशेब समजावून सांगितला. दत्ताराम यांनी तो एकदा ऐकला आणि मान हलवली.

“म्हंजे हवेचं भारं.”

“हवेचंच भाडं.”

“आनि मी हितं नाय भरलं तर?”

“तिथे तुमच्या दाजींकडून घेतील. पैसे भरल्याशिवाय खोकं देणार नाहीत.”

त्यांनी कुबडी काउंटरला टेकवली. मग म्हणाले, “बाय, ते होऊन नाय चालनार. मामाकडची वस्तू दारात आली आनि पोरीचे बापानं पैशे भरून सोरवली, असं झालं तर माजी बहीन तोंड कुठं दावील? चार मानसांत बोलतील, बाशिंग मामाचं, भारं बापाचं.”

त्या आठवड्यात जे काही झाले ते या एका वाक्याभोवती झाले. बाशिंगे रविवारच्या आत पोचायला हवी होती. आणि पोचल्यावर कुणी घेणाऱ्यापुढे हात पसरायला नको होता.

खोके उघडले. भेंडाची आणि बेगडाची दोन बाशिंगे वर्तमानपत्राच्या गोळ्यांमध्ये बसवली होती. हिरवा, गुलाबी आणि सोनेरी बेगड, कडेने मोत्यांच्या सरी. मागची बाजू सपाट. कारागीर ती कशी ठेवतो, असे मी विचारले.

“तोंडाला तोंड लावून,” दत्ताराम म्हणाले. “एकाचा तुरा दुसऱ्याचे फटीत.”

तशी ठेवली. मध्ये मऊ मलमल घातली. ती दोन्ही मिळून साड्यांच्या दुकानातून आणलेल्या एका छोट्या खोक्यात बसली. चाळीस, पस्तीस, वीस. जागेचे वजन पाच किलोला थोडे कमी, म्हणजे पाच धरायचे. पंचविसाचे पाच झाले. गांधीधामच्या शाखेला फोन लावून विचारले तेव्हा कळले की मिठागर शहराच्या हद्दीबाहेर आहे आणि तिथवर नेऊन द्यायचे वेगळे पैसे पडतात. ते टाळण्यासाठी पत्ता मिठागराचा न घालता शाखेच्या काउंटरचा घातला आणि ‘घेणारा स्वतः येईल’ असे वर लिहिले. मिठागराच्या ऑफिसातल्या फोनवर दाजींना निरोप ठेवला. एवढे केल्यावर घेणाऱ्याने द्यायचे असे काही उरत नव्हते.

मामी हे सगळे पाहत होती.

“पैशे पाच किलोचे घेतलं,” ती म्हणाली. “आत कवरा हाय?”

“एक किलो.”

“म्हंजे चार किलो फुकट जाते?”

“पाच किलोपर्यंत वजन वाढलं तरी दर तोच. खोकं मात्र याहून मोठं व्हायचं नाही.”

“मंग रिकामं कशाला धाडायचं?” ती नवऱ्याकडे वळली. “लगनाचा खोका रिकामा धाडीत नसतान. वटीचं सामान घालते. दुपारला आनून देते.”

तिचे म्हणणे रीतीला धरून होते. आमच्याकडेही ओटी रिकामी देत नाहीत. खोके घेऊन ती दोघे गेली. दुपारी मामी एकटीच परत आली. खोके पांढऱ्या कापडात चोख शिवलेले होते. पुन्हा टेप लावली, माप तेच. काट्यावर चार किलो सहाशे ग्रॅम.

“आत काय काय आहे, वहिनी?”

“तांदूल, नारल, खन, हलकुंडं. वटीचं.”

मी तसे लिहून घेतले. पार्सल संध्याकाळच्या गाडीने मुंबईला गेले.

पुढची माहिती मला गुरुवारी सकाळी अहमदाबादहून आलेल्या फोनवर मिळाली. तिथल्या गोदामाचे व्यवस्थापक पारेखभाई. आवाजाने ओळख होती, भेट कधीच झाली नाही. ते हिंदी आणि गुजराती यांच्या मधले काहीतरी बोलत.

“बेन, ये पनवेल का पार्सल. इसमें क्या है?”

“शादी का सामान.”

“शादी का?” त्यांनी आवाज खाली आणला. “बेन, इसके ऊपर बिल्ली बैठी है. सवेरे से बैठी है. उठाते हैं तो वापस आती है. मेरा स्टाफ बोलता है, साहब, या तो पार्सल बाहर रखो या हम बाहर बैठेंगे.”

मुंबईच्या विमानतळावर मंगळवारी वासामुळे ते पार्सल विमानात चढवायला नकार मिळाला होता. कंपनीने ते रस्त्याने अहमदाबादला पाठवले. पोचायला गुरुवार उजाडला. वासाचे पार्सल तसेच पुढे पाठवायचे नाही असा नियम होता. नव्याने बांधणीचे पैसे लागणार होते आणि गोदामात पडून राहिले तर भाडे. दोन्ही गांधीधामला, पार्सल देण्याआधी, घेणाऱ्याकडून वसूल व्हायचे होते. पाठवणाऱ्याची लेखी परवानगी आल्याशिवाय खोके उघडताही येत नव्हते.

“भाडं कधीपासून लागतं?” मी विचारले.

“कल सवेरे से. आज का दिन फ्री है.”

काउंटर शेजारच्या स्टेशनरीवाल्यावर सोपवून मी रिक्षा केली. उरण रस्त्यावर बंदराकडे जाणाऱ्या कंटेनरच्या ट्रेलरांची रांग लागली होती. रिक्षा मातीच्या कडेवरून जात राहिली. दत्ताराम अंगणात खाटेवर बसले होते. मामी पडवीत तांदूळ पाखडत होती. मी काय झाले ते सांगितले. मांजराचा उल्लेख आल्यावर सूप थांबले.

दत्ताराम बायकोकडे बघत राहिले. “काय घातलंस?”

“वटीचं.”

“आनि?”

“आनि जवला,” मामी म्हणाली. “अर्धा किलो. चांगला सुकवलेला. दोन पिशव्यांत बांधला.”

जवळा म्हणजे बारीक सुकी कोळंबी. किनाऱ्यावरच्या घरात त्याचा वास येतो असे कुणाला जाणवतच नाही. तो कुठे दुसरीकडे नेला म्हणजेच जाणवतो.

“बाशिंगासंगती जवला घातलास?” दत्ताराम यांनी कुबडी जमिनीवर आपटली. “अगं, तू बाई हायस का बाजार हायस?”

“तुमची बहीन वीस वर्षां तिकरं शेंगदाने खाते,” मामी म्हणाली. “दर चिठीत लिहिते, वयनी, जवला धाड. चार किलो फुकट जात होतं. तुमीच बोललाव ना, हवेचं भारं. मी हवेचे जागी जवला घातला.”

“देवीपुढं ठेवलेली वस्तू!”

“देवीला आमी निवद कसला दावतो? पुरनपोलीचा?” मामीने सूप खाली ठेवले. “देवीला वास नाय आला. तुमच्या इमानाला आला.”

दत्ताराम हसू दाबण्यासाठी खोकले. मग हसू ओसरले. त्यांनी विचारले, “बाय, दाजींला पैशे भरावं लागतील काय?”

मी सांगितले की आज संध्याकाळच्या आत परवानगी गेली तर भाडे लागणार नाही. नव्या बांधणीच्या पैशांचे मात्र माझ्या हातात नाही, ते अहमदाबादवर आहे. ते पैसे इथे भरून घ्यायची सोय नव्हती; एकदा पार्सल निघाले की पुढचे सगळे घेणाऱ्याच्या नावावर चढे. नियम तसा होता. तो कुणाच्या सोयीसाठी केला होता ते मला कळले नाही.

दत्ताराम यांनी वहीच्या पानावर सही केली. पार्सल उघडावे, जवळा काढावा, बाकीचे तसेच ठेवावे. मामी म्हणाली, “फेकू नका बोलावं त्यांला. कुनाला तरी द्या बोलावं. त्या मांजरीला नको, ती आधीच माजली असंल.”

पनवेलला परतून एका एस.टी.डी. बूथवरून ते पान अहमदाबादला फॅक्स केले. पोचल्याचे पारेखभाईंनी फोन करून कळवले. मग त्यांनी दुसरी अडचण सांगितली. कंपनीची गांधीधामची गाडी पहाटे निघते. शुक्रवारची गाडी मालाने भरली आहे. शनिवारी-रविवारी गाडी नाही. म्हणजे सोमवार.

मी त्यांना सांगितले की रविवारी लग्न आहे. बाशिंग म्हणजे काय हे त्यांना सांगायला थोडा वेळ लागला. कपाळावर बांधतात, मामाकडून येते, मामाचा पाय मोडला आहे. आणि घेणाऱ्याला जादा एक पैसा भरावा लागला तर ते न पोचल्यासारखेच आहे.

“बेन,” पारेखभाई म्हणाले, “मामेरा है ना ये? हमारे में भी मामा लाता है.”

त्यांच्याकडच्या त्या शब्दाने माझे काम सोपे झाले. माझ्या समजावण्याने किती झाले याची मला खात्री नाही.

शुक्रवारी दुपारी त्यांचा पुन्हा फोन आला. त्यांनी काय केले ते त्यांच्याच सांगण्यावरून लिहिते. त्यांच्या हाताखालची माणसे खोक्याला हात लावेनात. ते स्वतः जन्माने आणि रीतीने कांदाही न खाणारे. त्यांनी नाकाला रुमाल बांधला, व्हरांड्यात बसून शिवण एका बाजूने उसवली, जवळ्याच्या दोन पिशव्या काढल्या आणि तीच शिवण त्याच दोऱ्याने पुन्हा घातली. घरून आणलेला धूप खोक्याभोवती फिरवला. बाशिंगांना हात लावण्याआधी हात धुतले, असे त्यांनी आवर्जून सांगितले.

“रीपॅकिंग का चार्ज?” मी विचारले.

“चार्ज कब लगता है? नया खोखा, नया कपड़ा, नई सील. मैंने कुछ नया लगाया? वही खोखा, वही कपड़ा, वही धागा. मैंने तो सिर्फ दो पुड़ी निकाली. उसका कोई रेट नहीं है हमारी किताब में.”

नियमाचे ते वाचन अचूक होते. कुणीही तपासले असते तरी चूक काढता आली नसती.

गाडीचा प्रश्नही त्यांनी सोडवला होता. रात्रीच्या प्रवासी बसने त्यांचा साडू गांधीधामला जाणार होता. कंपनीच्या रीतसर चिठ्ठीसह पार्सल त्याच्या मांडीवर जाणार होते. “मांडीवर रखेगा, ऊपर रखने को मना किया है,” ते म्हणाले. “मांडीवर” हा शब्द त्यांनी मराठीतून उच्चारला, तो त्यांना कुठे सापडला ते मी विचारले नाही. मी आभार मानले. ते म्हणाले, “बेन, एक बात. अगली बार पहले बोल देना. हम पार्सल को सीधा बाहर रखेंगे, बिल्ली को अंदर.”

जवळ्याचे पुढे काय झाले याविषयी खात्रीलायक माहिती नाही. गोदामात सुरतेकडचा एक हमाल होता, तो किनाऱ्यावरचा होता, एवढे पारेखभाई म्हणाले होते.

या धंद्यात मी दहा वर्षे काढली. त्या काळात कंपन्यांच्या दरपत्रकांवर अनेक ओळी वाढल्या, आणि वाढलेल्या ओळींचा छाप बारीक होत गेला. मी त्या मोठ्याने वाचून दाखवत राहिले. त्यामुळे काही गिऱ्हाइके गेली आणि काही आयुष्यभराची झाली. पण वाचून दाखवण्याने सगळे होत नाही. कागदावरची ओळ एका टोकाला आणि माणूस दुसऱ्या टोकाला असतो. त्या टोकाला कुणी चांगला माणूस बसलेला असेल तर ओळ घेणाऱ्याच्या बाजूने वाचली जाते. मला असे बरेच जण मिळाले. पारेखभाई त्यांतले पहिले. स्टेशनरीवाल्याने त्या गुरुवारी माझे काउंटर सांभाळताना दोन पार्सले घेतली होती आणि दोन्हींना टेप लावली होती, हेही इथे नोंदवायला हवे.

शनिवारी गांधीधामच्या शाखेचा फोन लागला नाही. सकाळी लाइन व्यग्र होती, दुपारनंतर घंटी वाजत राहिली. शाखा शनिवारी दुपारपर्यंतच उघडी असते हे मला ठाऊक होते. साडू पोचला की नाही, दाजी आले की नाही, पार्सल दिले की नाही, यातले काही कळले नाही. मिठागराच्या ऑफिसातही कुणी फोन उचलला नाही. मी दत्ताराम यांना निरोप पाठवला : पार्सल काल रात्री अहमदाबादहून निघाले, पुढचे माहीत नाही. जे माहीत नव्हते ते माहीत नाही असेच कळवले.

रविवारी काउंटर बंद असते. सकाळी मी ते उघडले, कारण दत्ताराम आणि मामी रिक्षातून आली होती. गावात फोन सरपंचाच्या घरी एकच होता आणि तो बंद होता. येसूबाईकडे आमच्या काउंटरचा नंबर होता. दत्ताराम यांनी नवे धोतर नेसले होते, डोक्याला फेटा होता. मामीने नऊवारी हिरवी साडी नेसली होती. लग्नाला जावे तशी ती दोघे आली होती. मी त्यांना काउंटरच्या आत बसवले. दत्ताराम यांचा पाय एका रिकाम्या खोक्यावर ठेवला.

मुहूर्त बाराच्या सुमाराचा होता. मामी एकदा म्हणाली, “यिल फोन.” दत्ताराम म्हणाले, “तुज्या जवल्याचे वासानं यायाचा असता तर कवाच आला असता.” मामीने पदर तोंडाला लावला. बाहेर बाजार बंद होता. स्टेशनरीवाला रविवार असूनही येऊन गेला, चहा सांगून गेला. चहा आला तो तसाच राहिला.

मुहूर्ताची वेळ आली तेव्हा दत्ताराम यांनी फेटा सारखा केला. मामीने ओच्यातून मूठभर अक्षता काढल्या. कुठे टाकायच्या हे तिला कळेना. शेवटी तिने त्या नवऱ्याच्या प्लास्टरच्या पायावर टाकल्या. दत्ताराम यांनी त्या झटकल्या नाहीत.

एक वाजता फोन वाजला. मी उचलला. पलीकडे मिठागराच्या ऑफिसातला कारकून होता, मागे सनईचा आवाज आणि गलबला. त्याने रिसीव्हर येसूबाईला दिला आणि मी तो दत्ताराम यांना.

ते मोठ्याने बोलत होते, गावाकडून गावाला हाक मारावी तसे. पलीकडचे बोलणेही खोलीत ऐकू येत होते.

“येसू! दाजींला पैशे लागलं काय?”

“कसलं पैशे?”

“खोक्याचं! काउंटरवर मागितलं काय कुनी?”

“नाय रं बाबा! सई घेतली नि दिलं. काल दुपारलाच आनलं त्यांनी.” मग ती आणखी काही बोलली, ते सनईत बुडाले. मग पुन्हा आवाज आला. “लागलं लगीन! दोगांनी तुजीच बाशिंगां बांधली! ऐकतोस ना?”

“ऐकतो,” दत्ताराम म्हणाले.

मामीने रिसीव्हर त्यांच्या हातून घेतला. तिने येसूबाईला विचारले की नवरीचे बाशिंग कुणी बांधले. मामा नसल्यामुळे ते मामाच्या बहिणीने, येसूबाईनेच, बांधले होते.